पत्रा आणि कागद

वाशीत सध्या जुन्या गाड्या विकायला निघताहेत त्या कुणाला शौक चढला म्हणून नव्हे, इमारती पाडायच्या आहेत म्हणून. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. पहिल्या काही वर्षांत तिने बांधलेल्या तीन-चार मजली इमारती आता पुनर्विकासाला चालल्या आहेत. घरातलं सामान टेम्पोत चढतं आणि भाड्याच्या घरी जातं. कंपाउंडच्या कोपऱ्यात बदामाच्या झाडाखाली ताडपत्री पांघरून बसलेली गाडी मात्र जागची हलत नाही. तिचे चारही टायर बसलेले असतात आणि ज्याने ती हौसेने आणली तो बहुतेक वेळा भिंतीवरच्या फोटोत असतो.

मग मोबाइलवर चार फोटो आणि दोन ओळी फिरू लागतात. ‘पद्मिनी १९७८. प्रोजेक्ट कार. इंजिन जाम नाही. पेपर आहेत.’

‘प्रोजेक्ट कार’ हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला. पूर्वी अशा गाडीला ‘उभी गाडी’ म्हणत आणि आणखी चार पावसाळे गेले की ‘भंगार’. नाव बदललं तशी किंमतही बदलली. या पद्मिनीचे मालक दीड लाख मागत होते.

हा निरोप माझ्या शेजाऱ्याच्या भाचीकडे आला आणि एका रविवारी सकाळी जुईनगरला त्यांच्या गॅलरीत जी जुंपली तिचा मी साक्षीदार. शेजारी, म्हणजे मामा, तीस वर्षं डेंटर होते. कुर्ल्याला हात बसला, तुर्भ्याला गॅरेज बंद केलं आणि मधल्या काळात टॅक्सीच टॅक्सी. भाची ऐरोलीच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर. दोघांचाही धंदा लोखंडाचा, पण एकाचं लोखंड हातात आणि दुसरीचं पडद्यावर.

भाची: मामा, तू नुसता बघायला चल. घ्यायची की नाही ते नंतर ठरवू.

मामा: कुत्र्याचं पिल्लू असंच ‘नुसतं बघायला’ जातात. मोकळ्या हातांनी परत आलेला माणूस दाखव मला.

भाची: बरं, समज घेतलीच. बिघडलं काय? दीड लाखात आजकाल धड स्कूटर येत नाही.

मामा: स्कूटर चालते गं. तू दीड लाखात गाडी घेत नाहीयेस, दीड लाखात काम विकत घेतेयस. कामाचे पैसे वेगळे.

भाची: कामच हवंय मला. दिवसभर स्क्रीनवर ब्रॅकेट काढते. ते बनतं चाकणला, बसतं कुणाच्या तरी गाडीत. सहा वर्षांत मी एकदाही हातात धरलेलं नाही.

मामा: मग माझ्याकडे ये. हातोडी देतो, डॉली देतो. त्याला पद्मिनी कशाला पाहिजे?

भाची: कारण पद्मिनी उघडली की समजते. बॉनेट वर केलं की एक हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठून येते, सगळं डोळ्यांना दिसतं. माझ्या आत्ताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. बस.

इथे मामा गप्प झाले. मुद्दा खरा होता म्हणून की चहा आला म्हणून, सांगता येणार नाही.

गाडीचा वंश सांगायला ही जागा बरी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही इथेच बनली पाहिजेत असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यावर गाड्या जोडल्या गेल्या, पन्नाशीच्या दशकात इटलीची फियाट आली. त्यातली सुरुवातीची गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी अकराशे म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. हे नाव तिला जिने चिकटवलं ती मुंबई फार प्रेमळ असली पाहिजे, कारण आज संग्राहक तेच नाव अभिमानाने सांगतात. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली. तीच सत्तरीच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’. इटलीने हे मॉडेल साठीच्या दशकातच बदलून टाकलं. आपण ते जवळजवळ शतक संपेपर्यंत बनवत राहिलो. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि गाडी हातात आली की जास्त पैसे घेऊन विकायची, असाही एक धंदा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तो हळूहळू थांबला.

मामांना यातलं काहीच सांगावं लागत नाही. त्यांच्या लेखी पद्मिनीचा इतिहास दरवाजाखालच्या पट्टीत सुरू होतो.

मामा: इंजिनाचं कौतुक नको सांगूस. इंजिन आठवड्याचं काम आहे. जाम असलं तरी प्लगच्या भोकातून तेल सोडायचं, चार दिवस मुरू द्यायचं, पान्याने हलवायचं. नाहीच हललं तर बोअरिंग करायचं, पिस्टन-रिंग टाकायची. जाहिरातीत ‘इंजिन जाम नाही’ लिहितात ना, ते साडीचा काठ दाखवून पदर लपवण्यासारखं. पत्रा कसाय ते लिहिलंय का?

भाची: फोटोत तर बरा दिसतोय.

मामा: फोटोत रंग दिसतो. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्राच सांगाडा. दरवाजाखालची सिल म्हणजे पोकळ पेटी, त्या दोन पेट्यांवर गाडी उभी असते. दरवाजाच्या रबरातून पाणी आत उतरतं, खालची भोकं चिखलाने बुजतात आणि पाणी तिथेच बसतं. गाडी बाहेरून लग्नाला निघालेली आणि आतून बिस्किट. वाशी म्हणजे खाडीचा काठ, त्यात वर बदामाचं झाड. पानं काचेखालच्या जाळीत जातात, कुजतात, तिथून पाणी थेट पायाखाली. पंधरा पावसाळे, पोरी.

भाची: म्हणजे सिल कापून नवी घालायची. कळंबोलीला पत्रा मिळतो. वीस गेजचा सीआर पत्रा आणू, टीटीसीच्या कारखान्यांत कुणाकडूनही वाकवून घेऊ. उलट नवी मुंबईसारखी जागा नाही या कामाला. ठाणे-बेलापूर रोडच्या कडेला लेथ आहेत, प्लेटिंगवाले आहेत, पावडर कोटिंगवाले आहेत. मी उजव्या बाजूची चांगली सिल स्कॅन करते, आरशातली आकृती काढते, डावीला देते.

मामा: आणि दरवाजा?

भाची: दरवाजाला काय झालं?

मामा: सिल कापलीस की गाडी मधून झुकते. केसाएवढी. तू नवी सिल लावलीस, वेल्डिंग केलंस, छान घासलंस. मग दरवाजा बसत नाही. आयुष्यात बसत नाही. कापायच्या आधी आतून आडवे पाइप वेल्ड करून सगळं जखडायचं, दरवाजे लावलेलेच ठेवायचे, एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. हे तुझ्या स्कॅनमध्ये येतं का?

भाची: (हसत) आता येईल.

मामांचा विरोध आळसाचा नव्हता. ज्याने ते काम केलंय त्याचा तो विरोध होता, आणि अशा विरोधात माहिती फार असते. ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांनी आधी नाही म्हणणारा जाणकार शोधावा, हो म्हणणारे तर विकणाराच आणून देतो.

भाची: पण तुम्ही लोकांनी कुठे सिल बदलल्या? तुम्ही लांबीची पुट्टी भरायचात.

हे तिने सहज म्हटलं. मामांच्या हातातली बशी मात्र खाली गेली.

मामा: भरायचो. कुणासाठी ते विचार. शुक्रवारी रात्री टॅक्सीवाला यायचा. सोमवारी सकाळी गाडी लायनीत लागली पाहिजे, नाहीतर घरात चूल नाही. त्याला मी सांगू की थांब, दोन महिने पाइप लावून तुझी सिल बदलतो? पासिंगच्या आधी पत्रा ठोकायचा, भोक असेल तिथे तुकडा गॅसने चिकटवायचा, वर लांबी, वर काळा-पिवळा रंग. एक वर्षाची सोय. तो पुढच्या वर्षी परत यायचा. अशा गाड्या वीस वर्षं चालवल्या आम्ही. म्युझियममध्ये नव्हत्या, रस्त्यावर होत्या.

भाची: मला तेच नकोय, मामा. मला ती होती तशी करायची आहे. नटबोल्टसुद्धा मूळचे.

मामा: ‘होती तशी’ म्हणजे कधीची? शोरूममधून निघाली त्या दिवशीची, की त्या माणसाने वीस वर्षं वापरली तेव्हाची?

मामांनी हे कुठे वाचलेलं असणं शक्य नाही, पण जगभरचे जुन्या गाड्यांचे लोक याच प्रश्नावर भांडत आले आहेत. त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा नावाची. १९६६ पासून काम करते. तिने गेल्या दशकात ‘ट्युरिन सनद’ नावाचा मसुदा मान्य केला. त्याचा सूर असा की गाडी आधी जपा, मग दुरुस्त करा, पुनर्निर्माण अगदी शेवटी. जुना रंग, सीटवरचा विटका कपडा, मालकाने ठोकलेलं एखादं हुक हाही तिचा इतिहासच आहे. गाडी नव्याहून नवी करणं म्हणजे त्या सनदेच्या दृष्टीने थोडंसं पुसणंच. दुसऱ्या टोकाला हवाना. क्यूबात क्रांतीनंतर नव्या अमेरिकी गाड्या येणं थांबलं, म्हणून तिथल्या लोकांनी पन्नाशीतल्या गाड्यांत रशियन इंजिनं बसवली आणि त्या आजही टॅक्सी म्हणून चालवतात. मूळ भाग किती उरले असं तिथे कुणी विचारत नाही, चालते ना एवढंच बघतात. मामा हवानाचे, भाची ट्युरिनची. फरक एवढाच की ट्युरिनचं बोलणाऱ्यांना सहसा हवानाच्याच डेंटरची गरज पडते.

मामा: आणि पार्ट? मूळचा नटबोल्ट म्हणतेस. पार्ट मिळायचे ते टॅक्सीमुळे. मुंबईत एवढ्या फियाट टॅक्सी होत्या म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दरवाजापासून डिकीच्या कुलपापर्यंत सगळं लटकलेलं असायचं. टॅक्सी गेल्या, आता कोण बनवणार? कुणासाठी?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो जाहिरातींत कधीच नसतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. पण गेल्या त्या नुसत्या टॅक्सी नव्हत्या. त्यांच्या जोरावर चाललेली दुकानं, ब्रेकची रबरं ओतणारे छोटे कारखानदार, डोळे मिटून कार्ब्युरेटर जुळवणारे मिस्त्री, हा सगळा बाजार त्यांच्यामागून ओसरतो आहे. हौशी माणसाची एक पद्मिनी नीट राहायची, कारण तिच्या मागे हजारो टॅक्सी झिजत होत्या. आज जी गाडी ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकली जाते तिचा खरा उपयोग कधी कधी दुसऱ्या दोन गाड्यांना दरवाजे आणि काचा पुरवणं हाच असतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण असं आहे.

भाची: म्हणून तर आत्ता घ्यायला हवी. पाच वर्षांनी काहीच मिळणार नाही.

मामा: पाच वर्षांनी काही मिळणार नाही म्हणजे तुझी गाडी पाच वर्षांनी बंद पडणार. एकाच वाक्याचे दोन अर्थ आहेत गं.

मग माझ्याकडे वळून: ‘तुम्ही का गप्प? लिहिता ना तुम्ही? कागदाचं तुम्ही सांगा.’

कागदाच्या बाबतीत माझा हात पोळलेला आहे. फार वर्षांपूर्वी मी एक जुनी स्कूटर घेतली होती. विकणारा सज्जन, गाडी ठीक, पण मधल्या कुठल्याशा गॅरेजने इंजिनाची केसिंग बदलली होती आणि नव्या केसिंगवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नव्हता. मला ते कळलं नाव बदलायला गेलो तेव्हा. पुढचं वर्ष मी ती स्कूटर चालवण्यापेक्षा तिच्याबद्दल अर्ज लिहिण्यात घालवलं. म्हणून मी भाचीला एवढंच विचारलं, ‘‘पेपर आहेत’ म्हणजे नेमके कुठले?’

भाची: आरसी आहे म्हणाले. मूळचं पुस्तक.

मी: मुदत कधीपर्यंत?

भाची: ते नाही विचारलं. आणि काका, तसंही पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते ना?

ही समजूत घरोघर आहे. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायची नाही हा नियम दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातला. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी आरटीओत तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. पुन्हा पाच, पुन्हा पाच. मात्र हे आता स्वस्त नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते दहा हजार झालं. परदेशातून आयात झालेल्या गाडीला त्याच्या कितीतरी पट. मुदत टळून गेली असेल तर उशिराचा दंड वेगळा. त्यात जुन्या नंबराची गाडी, म्हणजे एमएच-शून्य-अमुकच्या आधीची तीन अक्षरी पाटी असलेली, बऱ्याचदा ‘वाहन’ या संगणकीय नोंदीत नसतेच. आधी आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यायची, मग पुढचं सगळं. आणि एप्रिल २०१९ च्या आधीच्या प्रत्येक गाडीला आता उच्च सुरक्षा पाटी लागते, ती मागवायलाही तीच नोंद लागते.

भाची: पण व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे. मी वाचलंय.

आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. नोंदणी झाली की गाडी रॅलीला न्या, प्रदर्शनात ठेवा, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला काढा. रोज तिने ऐरोलीला कामाला जाता येणार नाही. सरकारच्या भंगार धोरणातूनही या गाड्या वगळलेल्या आहेत. १९७८ ची पद्मिनी पन्नाशी गाठणार २०२८ मध्ये.

भाची: म्हणजे दोन-तीन वर्षं काम करायचं आणि तयार झाली की अर्ज. मस्त बसतंय!

मी: बसतंय, पण त्यात एक अट आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही.

मामा: (एकदम खूश) ऐकलंस? जितकी जास्त ‘रिस्टोर’ करशील तितकी हातातून जाईल.

ते अगदी तसंही नाही. गंजलेला पत्रा त्याच आकाराच्या पत्र्याने बदलणं आणि पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं यांत फरक आहे. पण दुसरा प्रकारच आज जास्त दिसतो. हँडगिअर काढून खाली पाच गिअरचा दांडा, एसी, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर. गाडी जुनी दिसते आणि नवी चालते. हौस म्हणून मला त्यात वाईट दिसत नाही, कायद्याला मात्र दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदणीत चालणार नाही. अशी ‘तयार केलेली’ गाडी घेताना आरसीवरचा इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा इंजिन नंबर दोन्ही वाचावेत. विकणारा ‘ते होऊन जातं’ म्हणाला तर कसं होऊन जातं ते त्यानेच आधी करून दाखवावं.

मामा: आणि ठेवणार कुठे?

हा प्रश्न शेवटी आला. खरं तर तो पहिला असायला हवा होता. विलायती मासिकांत जुनी गाडी घेणाऱ्याकडे घरामागे गॅरेज असतं, भिंतीवर पाने टांगलेले असतात आणि दर शनिवारी तो दोन तास काम करतो. नवी मुंबईत माणसाला स्टिल्टखाली एक चौकोन मिळतो आणि त्या चौकोनासाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तिथे सिल कापायला गॅस वेल्डिंगची टाकी आणली तर सेक्रेटरी खाली यायच्या आत पोलीस येतील. रस्त्यावर लावली तर पालिकेची माणसं बेवारस वाहन म्हणून काचेवर नोटीस चिकटवतात आणि मुदत संपली की उचलून नेतात.

भाची: तुर्भ्याला शेड बघितलीय. भाड्याने.

मामा: महिना किती?

तिने आकडा सांगितला. मामांनी बोटांवर चोवीस महिने मोजले.

मामा: हे बघ, गाडीचे दीड लाख सोड. दोन वर्षांत तुझं शेडचं भाडंच गाडीच्या किमतीच्या वर जातंय. आणि दोन वर्षांत होणार नाही. मी सांगतो, चार. कारण तू शनिवार-रविवार येणार, त्यातला एक रविवार लग्न, एक बारसं, पावसाळ्यात रंग मारता येत नाही. भंगारात घातली तर नऊशे किलोच्या आसपास वजन, काच-रबर वजा जाता लोखंडाच्या भावात किती येतील ते तूच काढ. त्या मालकाला ते माहीत आहे. म्हणून दीड लाख.

भाची: तू हिशोब भंगाराचा करतोयस. मी नाही करत.

मामा: हिशोब कुणीतरी करायला लागतो.

दुपारी आम्ही तिघे वाशीला गेलो. मामांनी खिशात चुंबक घेतलं होतं, रुमालात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. ताडपत्री काढल्यावर फिक्कट निळी पद्मिनी बाहेर आली. छताचा रंग विटून दुधाळ झालेला, पण मूळचा. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि डाव्या सिलवर चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं. आतमध्ये नुसती लांबी. उजवीकडे जेमतेम चिकटलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाशी, डिकीच्या तळात, बॅटरीखाली त्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. दोन ठिकाणी तो सरळ आत गेला. दरवाजांचे खांब मात्र वाजवल्यावर भरीव आवाज आला. छत, काचा, चारही दरवाजे शाबूत. सोलेक्सचा कार्ब्युरेटर जागेवर. भाचीने मोबाइलच्या उजेडात त्याचा फोटो काढला, मग पंख्याचा पट्टा हाताने ओढून इंजिन हलवून बघितलं. हललं.

मामा: पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा आधी बदलायचा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनी रबरं फुगतात. आग लागेल.

मी त्यांच्याकडे बघितलं. ‘बदलायचा’ म्हणाले होते ते. भाचीनेही ऐकलं असणार, ती काही बोलली नाही. तिने रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन चासी नंबरावरची वीस वर्षांची काजळी काढायला घेतली होती.

वरून गाडीवाल्या घरातल्या आजी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत पुठ्ठ्याच्या बांधणीचं आरसी बुक, विम्याच्या पावत्या, १९७८ ची बिलं घडी घालून. चासी नंबर जुळला. इंजिन नंबर जुळला. शेवटचं नूतनीकरण २०१३ ला संपलेलं. नाव आजोबांचं.

‘ते जाऊन नऊ वर्षं झाली,’ आजी म्हणाल्या. ‘मुलगी डोंबिवलीला, मुलगा मेलबर्नला. गाडीचं त्यानेच टाकलंय मोबाइलवर.’

म्हणजे आधी मृत मालकाच्या नावावरून वारसाच्या नावावर, फॉर्म ३१. मग वारसाकडून भाचीच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. मध्ये दोघा मुलांची ना-हरकत, त्यातली एक समुद्रापलीकडून. शिवाय बॅकलॉग, नूतनीकरण, कर. आजींना इमारत दिवाळीपर्यंत रिकामी करायची आहे.

निघताना मामांनी निकाल दिला. दीड लाख नाही, साठ हजार. दोन्ही सिल आणि डिकीचा तळ जाणार, बाकी शेल ठीक. पैसे कागद झाल्यावर, आधी नाही. छताला रंग मारायचा नाही, होता तसा ठेवायचा. आणि पाइप लावल्याशिवाय कुणी सिलला ग्राइंडर लावला तर ते तिकडे फिरकणार नाहीत.

‘म्हणजे घ्यायची?’ भाचीने विचारलं.

‘मी घेऊ नको म्हणालो होतो सकाळी,’ मामा म्हणाले. ‘ते अजून तसंच आहे.’

हे लिहिलं त्या आठवड्यापर्यंत मेलबर्नहून ना-हरकत आलेली नव्हती आणि गाडी बदामाखालीच होती. तुमच्या सोसायटीत अशी एखादी उभी असेल आणि इमारत पाडायची ठरली असेल, तर मालकाला ‘घेतो का कुणी’ असं विचारायच्या आधी आरसी बुकातलं नाव वाचायला सांगा. ज्याचं नाव आहे तो माणूस हयात असेल तर त्याच आठवड्यात त्याला आरटीओत घेऊन जा.